ओल्ड स्कूल रूनस्केप मोबाइल: जुन्या खेळाडूंनी परत यायचं असेल तर

३० ऑक्टोबर २०१८ ला ओल्ड स्कूल रूनस्केप हा जुना ऑनलाइन गेम फोनवर आला. संगणकावर जो गेम चालतो तोच हा, त्याच सर्व्हरवर. फोनवर तोडलेली लाकडं संध्याकाळी संगणकावर बँक उघडली की तिथंच दिसतात. बाजार एकच आहे आणि मित्रांची यादीही एकच. फोनवाल्यांसाठी वेगळं जग नाही. जाहिराती नाहीत, ‘ऊर्जा संपली, चार तासांनी या’ असा अडथळा नाही, आणि पैसे भरून तलवार मिळेल अशी लॉटरीची पेटीही नाही. मोबाइलवर आलेल्या जुन्या ऑनलाइन गेम्सपैकी इतकं अखंड रूपांतर क्वचितच सापडेल. पण पाच इंचांच्या पडद्यावर या गेमचा एक भाग अतिशय छान चालतो आणि दुसरा भाग खरोखर छळतो. कुठला कुठला, हे आधी कळलं तर परतीचे पहिले आठवडे सुखाचे जातात.

सुरुवात अकाउंटपासून करायला हवी, कारण बहुतेकांचा हिरमोड इथंच होतो. सायबर कॅफेत, ब्राउझरमध्ये, काहीही इन्स्टॉल न करता २००४ ते २०१० च्या दरम्यान खेळलेलं तुमचं पात्र या गेममध्ये नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये गेम बनवणाऱ्या जॅगेक्सने लढाईची सगळी पद्धत बदलली आणि जुने खेळाडू मोठ्या संख्येनं निघून गेले. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाडूंचं मत घेऊन ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून हा जुना गेम पुन्हा उभा करण्यात आला. त्या बॅकअपमधून गेम परत आला, खेळाडूंची प्रगती आली नाही. सगळ्यांनी लेव्हल तीनपासून नव्यानं सुरुवात केली. जुनं पात्र आजच्या ‘रूनस्केप’मध्ये, म्हणजे ज्याला सगळे आरएस-थ्री म्हणतात त्यात आहे, आणि त्याचं मोबाइल अॅप वेगळं आहे, ते जून २०२१ मध्ये आलं. स्टोअरमध्ये दोन्ही अॅप शेजारी दिसतात. डाउनलोड करण्याआधी नावात ‘ओल्ड स्कूल’ आहे का ते बघा. २०१३ नंतर ओल्ड स्कूल खेळला असाल, तर मात्र पात्र, बँक, क्वेस्ट (गोष्टीतल्या कामगिऱ्या) सगळं जसंच्या तसं सापडेल.

पासवर्ड विसरला असेल तर आधी अकाउंटला जोडलेला ईमेल जिवंत करा. शाळेतला ईमेल पत्ता वर्षानुवर्षं न वापरल्यानं बंद झालेला असणं हीच सगळ्यात मोठी अडचण असते, आणि ईमेल हातात नसेल तर रिकव्हरी फार लांबते. आत गेल्यावर जुनं लॉगिन जॅगेक्स अकाउंटमध्ये आणता येतं. एका जॅगेक्स अकाउंटखाली २० पात्रं ठेवता येतात आणि सुरक्षाही चांगली आहे, म्हणून हे करावंच. पण एकदा आणलेलं पात्र परत जुन्या पद्धतीवर जात नाही. त्यामुळे भावाचं किंवा मित्राचं लॉगिन चुकून आपल्या अकाउंटात ओढू नका. आणखी एक: बँकेचा चार आकडी पिन आठवत नसेल तर तो काढून टाकण्याची विनंती बँकरकडूनच करता येते, पण त्याला तुम्ही तेव्हा निवडलेले ३ किंवा ७ दिवस लागतात. तेवढे दिवस बँक बंद. म्हणून मेंबरशिप (पैसे भरून खुला होणारा पूर्ण गेम) विकत घेण्याआधी पिनचा निकाल लावा, नाहीतर भरलेल्या पैशांतला आठवडा वाया जातो.

फोनवर हा गेम इतका सहज का चालतो, याचं कारण त्याच्या घड्याळात आहे. सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एक टिक मोजतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्या टिकवर घडते. झाड तोडताना दर ४ टिकांनी, म्हणजे २.४ सेकंदांनी, लाकूड मिळालं की नाही याचा फासा पडतो. सिमिटर किंवा व्हिप ४ टिकांनी वार करते, दोन हातांची तलवार ७ टिकांनी, म्हणजे ४.२ सेकंदांनी. बोटाचा टॅप टिकच्या सुरुवातीला पोचला की शेवटाला, सर्व्हरला फरक पडत नाही. भारतातून युरोपातल्या सर्व्हरवर दीड-दोनशे मिलिसेकंदांचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) आलं तरी ते एका टिकच्या आत बसतं. ज्या गेममध्ये पन्नास मिलिसेकंदांवर जीव जातो तिथं ही चैन नाही. लॉगिनच्या पडद्यावर वर्ल्डचा, म्हणजे सर्व्हरचा, क्रमांक असतो, त्यावर टॅप करून यादी उघडा आणि देशाचा झेंडा बघून निवडा. महाराष्ट्रातून यूके किंवा जर्मनीच्या वर्ल्डवर सहसा अमेरिकेपेक्षा कमी लॅग लागतो.

पिंगपेक्षा जास्त त्रास देतं ते तुटणारं कनेक्शन. घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर जाताना किंवा बोरघाटाच्या बोगद्यात गाडी शिरली की गेम पुन्हा जोडायचा प्रयत्न करत बसतो, आणि तेवढा वेळ तुमचं पात्र जगात उभंच असतं. लढाई चालू असेल तर समोरचा मारत राहतो आणि तुम्ही खाऊ शकत नाही. फोन आला, दुसरं अॅप उघडलं, तरी तीच गत. म्हणून प्रवासात झाडं, मासे, शेती; राक्षस मात्र घरी. एका मरणात दर्जा कायमचा जाणारे हार्डकोर आयर्नमॅन खेळाडू तर चालत्या गाडीत लढाईला हातसुद्धा लावत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

मेलातच, तर आता पूर्वीसारखं सगळं लुटलं जात नाही. २०२० पासून मरणाच्या जागी थडगं राहतं आणि सामान परत घ्यायला १५ मिनिटं मिळतात. ही मिनिटं तुम्ही लॉगिन असतानाच मोजली जातात. त्यामुळे नेट गेल्यामुळे मेला असाल तर घाबरून रेंज नसलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा लॉगिन करू नका, चांगल्या नेटवर्कवर पोचा आणि मगच आत जा. मुदत संपली तर सामान डेथ नावाच्या पात्राकडे जमा होतं आणि तिथून सोडवायला जास्त पैसे पडतात. वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागात, दुसऱ्या खेळाडूनं मारलं तर यातलं काहीच लागू नाही.

आता हाताळणी. एक टॅप म्हणजे माउसचं डावं बटण, दाबून धरलं की उजव्या बटणाची यादी उघडते. एका बोटानं ओढून कॅमेरा फिरतो, दोन बोटांनी झूम. टॅप केल्यावर लाल फुली उमटली तर वस्तूला किंवा प्राण्याला हात लागला, पिवळी उमटली तर जमिनीवर पडला आणि पात्र तिकडे चालायला लागलं. ही फुली बघायची सवय पहिल्या तासातच लावून घ्या, अर्ध्या चुका तिथंच कळतात. टॅप नेमका बसत नसेल तर झूम वाढवा आणि कॅमेरा जवळपास डोक्यावर आणा. माणसांच्या घोळक्यात बँकर शोधताना तर हाच एक उपाय.

पडद्याच्या उजव्या कडेला फंक्शनचं बटण असतं. त्यावर ‘टॅप टू ड्रॉप’ लावलं की इन्व्हेंटरीतली (जवळच्या पिशवीतली) वस्तू एका टॅपमध्ये खाली पडते. मासेमारीत किंवा लोखंड खणताना, जिथं माल बँकेत न नेता टाकूनच द्यायचा असतो, तिथं याच्याशिवाय गत नाही. पण काम झालं की ते बंद करा. चालू राहिलं आणि तुम्ही जेवण म्हणून टॅप केलंत, तर तो शार्क जमिनीवर जातो आणि लढाईच्या मध्यावर हे महागात पडतं. सेटिंगमध्ये महाग वस्तू टाकताना इशारा देण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. तिथंच खेळाडूंवर हल्ला करण्याचा पर्याय यादीत लपवून टाका आणि राक्षसांसाठी तुमच्या पद्धतीप्रमाणे टॅप की दाबून धरणं ते ठरवा. बँकेत खाली १, ५, १०, एक्स आणि सगळं असे आकडे असतात. १४-१४ वस्तू काढून औषधं बनवायची असतील तर एक्समध्ये १४ भरून तोच निवडून ठेवा, म्हणजे प्रत्येक फेरीला दोन टॅप पुरतात. प्लेसहोल्डर लावले की वस्तू संपली तरी तिची जागा तीच राहते आणि बोटाला रस्ता पाठ होतो.

मिनिमॅपशेजारचे गोळे फोनवर फार उपयोगी आहेत. प्रेयरचा गोळा दाबून धरा, क्विक प्रेयर ठरवा, मग एका टॅपला हव्या त्या प्रार्थना चालू होतात. धावण्याचा आणि स्पेशल अटॅकचा गोळाही तिथंच. नव्या क्लाएंटमध्ये जमिनीवरच्या वस्तूंची नावं दाखवणं, एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजणं, दूरपर्यंतचा देखावा काढणं अशा सोयी सेटिंगमध्येच आहेत. रूनलाइट हा जास्तीच्या सोयींचा बाहेरचा क्लाएंट मात्र फक्त संगणकावर चालतो. क्वेस्टमध्ये पुढचं पाऊल बाण काढून दाखवणाऱ्या प्लगइनची सवय असेल, तर फोनवर ती सोडावी लागते. त्याऐवजी चॅटमध्ये ::wiki आणि पुढे क्वेस्टचं नाव टाइप केलं की ब्राउझरमध्ये विकीचं पान उघडतं. पण त्या वेळी गेम मागं जातो, म्हणून आधी सुरक्षित जागी उभे राहा.

फोनवर या गेमचं खरं सुख शेतीत आहे, हे ठामपणे सांगतो. मेंबरशिप लागते, पण फार्मिंग हे कौशल्य जणू फोनसाठीच बनवलं होतं. औषधी वनस्पती ८० मिनिटांत तयार होते, तुम्ही लॉगिन असा वा नसा. फालाडोरच्या दक्षिणेला, कॅथरबी, आर्डून, पोर्ट फॅस्मॅटिस, होसिडियस अशा वाफ्यांवर फिरायचं, काढायचं, खत घालायचं, पेरायचं, लॉगआउट. एक फेरी चहाच्या सुट्टीत बसते. बरोबर स्पेड, सीड डिबर, रेक, बिया आणि टेलिपोर्टचं साहित्य एवढंच लागतं, आणि अवजारं तर प्रत्येक वाफ्याजवळच्या लेप्रेकॉनकडेच ठेवता येतात. काढलेली पानं त्याच्यावर वापरली की तो ती नोटांत बदलून देतो, म्हणून इन्व्हेंटरी भरत नाही. खतात कंजुषी करू नका. खताशिवाय जिवंत राहिलेल्या रोपाला किमान ३ पानं मिळतात, अल्ट्राकंपोस्ट घातलं तर किमान ६, शिवाय रोप रोगानं मरण्याची शक्यताही बरीच उतरते. फेअरीटेलच्या पहिल्या भागातून मिळणारी मॅजिक सीकेटर्स हातात किंवा इन्व्हेंटरीत असली की उत्पन्न आणखी वाढतं. लेव्हल ३२ ला रनार ही औषधी वनस्पती लावता येते आणि परतलेल्या खेळाडूच्या हातात पहिला खरा पैसा तिथून येतो. फळझाडं १६ तास घेतात, म्हणजे दिवसातून एकच चक्कर.

दुसरं असंच काम म्हणजे फॉसिल आयलंडवरची पक्ष्यांची घरटी. बोन व्हॉयेज ही क्वेस्ट हवी, आणि तिच्यासाठी वॅरॉकच्या संग्रहालयात १०० कुडोज (तिथले गुण). चार जागा आहेत, दोन व्हर्डंट व्हॅलीत, दोन मशरूम मेडोमध्ये. लाकूड, क्लॉकवर्क, छिन्नी आणि हातोडा यांतून घरटं बनवायचं, त्यात हलक्या प्रतीच्या १० बिया भरायच्या आणि ५० मिनिटांनी यायचं. क्लॉकवर्क मोडताना परत मिळतं, म्हणून चारच पुरतात. हंटर हे कौशल्य संगणकावर सापळ्यांमागे धावत वाढवणं कंटाळवाणं आहे. इथं ते दिवसभरात मिनिटा-मिनिटांनी वाढत जातं. त्याच संग्रहालयाच्या तळघरातली प्राण्यांची प्रश्नमंजूषाही आधी उरकून घ्या, तिथं हंटर आणि स्लेअर दोन्हींत १,००० एक्सपी मिळून थेट लेव्हल ९ होते, आणि एकही वार करावा लागत नाही.

याखेरीज फोनवर जमतं ते म्हणजे लक्ष कमी लागणारं काम. झाडं, मासे, ३० मायनिंगनंतर मदरलोड माइन. लढाई वाढवायची तर होसिडियसच्या किनाऱ्यावरचे सँड क्रॅब. ६० हिटपॉइंट, मार जेमतेम, आणि जवळ गेलं की आपण होऊन अंगावर येतात. साधारण १० मिनिटांनी ते तुम्हाला ओळखेनासे होतात आणि दगड होऊन बसतात. तेव्हा बरंच लांब चालत जाऊन परत यायचं. ‘क्रॅब हल्ला करत नाहीत, अॅप बिघडलं’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ हेच. होसिडियसला जायला पोर्ट सॅरिमच्या धक्क्यावर व्हिओसला भेटा.

न जमणारी बाजूही स्पष्ट आहे. पडद्यावर एका वेळी एकच पॅनेल उघडतं. प्रेयर बघायचं की इन्व्हेंटरी, हे ठरवावं लागतं. फाइट केव्ह या गुहेत राक्षसांच्या लाटा येतात, तिथल्या ६३ व्या लाटेतला ‘जाड’ नावाचा राक्षस दर ८ टिकांनी, म्हणजे ४.८ सेकंदांनी वार करतो. तो मागच्या पायांवर उठला तर जादू, पाय आपटले तर बाण. प्रार्थना बदलायला वेळ पुरतो, पण त्याच वेळात खायचं, औषध प्यायचं आणि बरे करणारे छोटे राक्षस आपल्याकडे ओढायचे, यात बोटं कमी पडतात. हॉटकीच्या पट्टीवर प्रेयर आणि इन्व्हेंटरी लावून ठेवली तर फोनवर ‘जाड’ पडतो. नवख्यानं मात्र त्याच्या बक्षिसाचा पहिला फायर केप संगणकावर घ्यावा. चार-पाच वस्तू एका टिकमध्ये बदलायच्या असतात अशा रेड (मोठ्या मोहिमा) आणि वाइल्डरनेसमधल्या लढाया फोनवर तोट्याच्याच. रूफटॉप अॅजिलिटी, म्हणजे छपरांवरची धावपळ, या दोन्हींच्या मध्ये येते, टॅप थोडे पण ते नेमके हवेत. तरीही ग्रेसफुल या हलक्या कपड्यांचा पूर्ण संच घ्यायला लागणाऱ्या, छपरांवर मिळणाऱ्या २६० मार्कांपर्यंत पोचाच. धावण्याची ऊर्जा टिकली की प्रत्येक क्वेस्टचा वेळ कमी होतो. मार्क जमवायला लेव्हल ४० चा कॅनिफिसचा मार्ग सगळ्यात चांगला.

नव्यानं सुरू करणाऱ्या जुन्या खेळाडूनं सुरुवातीला लेव्हल घासत बसू नये, क्वेस्ट कराव्यात. फुकट खेळातच व्हॅम्पायर स्लेअर अॅटॅकमध्ये ४,८२५ एक्सपी देते, म्हणजे शून्यावरून लेव्हल २०. नाइट्स सोर्ड स्मिथिंगमध्ये १२,७२५ देते आणि १ वरून थेट २९ वर नेते, तिला मायनिंग १० लागतं. मेंबर असाल तर वॉटरफॉल क्वेस्टला कुठल्याच कौशल्याची अट नाही. दोरी आणि हवा, पाणी, माती यांचे प्रत्येकी ६ रून घ्या. बक्षीस अॅटॅक आणि स्ट्रेंथमध्ये प्रत्येकी १३,७५० एक्सपी, दोन्ही १ वरून ३० वर. मोठा धोका म्हणजे वाटेत आक्रमक फायर जायंट आहेत. कमी लेव्हलला त्यांचा एक-दोन फटका पुरतो, म्हणून जेवण भरपूर न्या, थांबू नका, आणि ही क्वेस्ट स्थिर वायफायवरच करा.

गावं तीच आहेत. लंब्रिजचा किल्ला, वॅरॉकची पश्चिमेची बँक, फालाडोरचा बगीचा जिथं होता तिथंच. भोवतालचं जग मात्र खूप वाढलंय: २०१६ मध्ये ग्रेट कौरेंड आलं, २०२४ मध्ये व्हार्लमोर, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सेलिंग हे पहिलं नवं कौशल्य. यातलं कुठलंही मोठं पाऊल खेळाडूंच्या मतदानाशिवाय पडत नाही, आणि मंजुरीला ७० टक्के मतं लागतात. गेम इतकी वर्षं आपल्या स्वभावाला धरून राहिला तो या मतदानामुळे, असं आमचं मत आहे. ग्रँड एक्सचेंज, म्हणजे खेळाडूंचा सामायिक बाजार, २००७ च्या बॅकअपमध्ये नव्हतं, ते २०१५ मध्ये जोडलं गेलं. त्यामुळे वर्ल्डच्या चौकात उभं राहून ओरडत माल विकायची गरज नाही. विकणाऱ्याकडून २ टक्के कर कापला जातो. एका वेळच्या सौद्यांसाठी मेंबरांना ८ जागा, फुकट खेळणाऱ्यांना ३. नव्या फुकट अकाउंटवर व्यवहाराची बंधनं असतात, ती उठायला काही तासांचा खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० लागते. बाजारात वस्तू टाकता येत नसेल तर कारण हे असतं.

९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि त्याचा निम्मा टप्पा लेव्हल ९२ ला येतो. हे आकडे बदललेले नाहीत. फरक इतकाच की पूर्वी त्यासाठी खुर्चीत बसून राहावं लागायचं.

पैशांबद्दल. एका मेंबरशिपमध्ये त्याच पात्राला ओल्ड स्कूल आणि आरएस-थ्री दोन्ही मिळतात, पण ती पात्रागणिक असते. एका अकाउंटवर दोन पात्रं असतील तर दोनदा भरावी लागते. प्ले स्टोअरमधून घेतली तर रुपयांत, यूपीआयनेही भरता येते, मात्र स्टोअरमधला आणि जॅगेक्सच्या संकेतस्थळावरचा दर वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही बघून मगच पैसे भरा. दुसरा मार्ग बाँडचा. एक बाँड १४ दिवस देतो आणि तो ग्रँड एक्सचेंजवर गेममधल्या सोन्यानंही मिळतो. नव्या खेळाडूला तो परवडत नाही, पण शेतीच्या फेऱ्या बसल्या की नियमित खेळणारा त्यावर मेंबर राहू शकतो.

सोनं बाहेरून विकत घेऊ नका, अकाउंट जातं. ग्रँड एक्सचेंजच्या आवारात ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारे आजही उभे असतात, आणि त्यांचा पहिला छोटा व्यवहार खरा असतो तो दुसरा मोठा गिळण्यासाठी. त्याहून धोकादायक म्हणजे ‘डबल एक्सपी’च्या नावानं चालणारे खोटे लाइव्ह व्हिडिओ. त्यांतल्या लिंकवर लॉगिन टाइप केलं की बँक रिकामी होते. लॉगिन फक्त अॅपमधून, ऑथेंटिकेटर लावून. आणि स्टोअरमधून घेतलेली मेंबरशिप थांबवायची झाली तर ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावरूनच रद्द करावी लागते. अॅप फोनमधून काढून टाकलं तरी दर महिन्याला पैसे कापले जात राहतात.